नोंद आढळून येत नाही

गेल्या वर्षी मुलीच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचा अर्ज भरायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. आम्ही पिंजारी. कापूस पिंजणं, गाद्या-रजया भरणं हा पिढीजात धंदा. पण अब्बांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द आहे, 'मुसलमान'. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि त्यात जात स्पष्ट लिहिलेली असावी लागते. मुस्लीम ओबीसी घरांत ही अडचण नवी नाही. गुरुजींनी धर्म लिहिला, धंदा लिहायचा राहिला.

मग कुणीतरी सुचवलं, 'दादांच्या मृत्यूची नक्कल काढा.'

सांगणं सोपं होतं. आमच्या घरात दादांची मयत कुणी पाहिलेली नाही. कबर नाही, तारीख नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये ते पिंजण खांद्यावर टाकून बाजारच्या गावी गेले आणि परत आले नाहीत, एवढंच अब्बांना त्यांच्या फुफीनं सांगितलं होतं. अब्बा तेव्हा तीन वर्षांचे होते.

आज आपण मृत्यूचा दाखला गृहीत धरतो. ग्रामपंचायतीत जायचं, एकवीस दिवसांच्या आत नोंद करायची, दाखला घ्यायचा. पण ही सक्ती फार जुनी नाही. इंग्रजांनी १८८६ साली जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा केला, तो ऐच्छिक होता. गावोगावी मृत्यू मोजले जात, ते मुख्यतः साथीचा अंदाज यावा म्हणून. पटकीनं किती गेले, देवीनं किती, तापानं किती. सगळ्या देशाला लागू होणारा सक्तीचा कायदा १९६९ चा, आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याआधीची माणसं शोधायची असतील तर तहसिलीच्या अभिलेख कक्षात जावं लागतं. काही भागांत त्या वहीला कोतवाल बुक म्हणतात आणि जुनी पानं मोडीत असतात. आमच्याकडे, मराठवाड्यात, निजामाचं राज्य होतं. दरबारी भाषा उर्दू, म्हणून दप्तरही उर्दू.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा या बासनांवरची धूळ पहिल्यांदा झटकली गेली. उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. मीही शाळा सुटल्यावर दोन-चार जणांना त्यांच्या आजोबांची नावं वाचून दाखवली. मराठा कुटुंबातली पोरं, माझ्यासमोर शेजारी बसून, उजवीकडून डावीकडे सरकणारं माझं बोट बघत बसायची. 'कुणबी' हा शब्द सापडला की त्यांचे डोळे चमकायचे. तेव्हा वाटलं नव्हतं की लवकरच मीही तिथं अर्जदार म्हणून उभा राहीन.

नकलेचा अर्ज साधा असतो. कोऱ्या कागदावर तहसीलदारांच्या नावे लिहायचा, कोर्ट फी तिकीट लावायचं, मयताचं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष द्यायचं. सरकारी दप्तराची प्रमाणित नक्कल मागण्याचा हक्क १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागायची ती गोष्ट आहे.

अंदाजे वर्ष मात्र जपून लिहावं लागतं. निजामी दप्तरात इसवी सन नसतो, फसली असतो. हैदराबादचा फसली सन ६ ऑक्टोबरला सुरू व्हायचा. पहिला महिना आजर, शेवटचा आबान. ढोबळ हिशेबात फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे सप्टेंबर १९४८ हा १३५७ फसलीचा शेवटचा महिना, आबान.

आबान १३५७ ची पानं मी तीनदा वाचली. आमच्या गावाच्या पानांवर त्या महिन्यात फक्त दोन मृत्यू. एक तान्हं मूल, एक म्हातारी. दोघांसमोर कारण, बुखार. त्या महिन्यात आमच्या भागात काय घडलं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला ती पानं वाचून थंडी वाजेल.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्याआधी रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. त्यानंतर सूड उगवला गेला, आणि त्यात रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले मुसलमानही गेले. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीला पाठवलं. त्यांनी मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घेतलं. आमचं गाव त्याच जिल्ह्यातलं. तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही.

मी दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळेत झेंड्याला सलामी देतो, मनापासून देतो. निजामाचं राज्य पिंजाऱ्यांचं कधीच नव्हतं. पण सलामी देताना दादा आठवतात, हेही खरं.

आठ दिवसांनी उत्तर मिळालं. 'सदर नावाची नोंद आढळून येत नाही.' खाली सही, गोल शिक्का. नवी नोंद करावी म्हटलं, तर मृत्यू जिथं झाला तिथंच ती करायची असते. आम्हाला ठिकाणच माहीत नाही. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला कायदा मृत मानतो, पण त्यासाठी कोर्टाची पायरी, आणि कोर्टानं मृत मानलं तरी त्यातून जात थोडीच सिद्ध होणार?

अभिलेखापालांनी उठता उठता विचारलं, 'सर, आजी कधी वारल्या?'

दादीही लवकर गेली, एवढंच ऐकलं होतं. पुढची वही काढली. १३५८ फसली, महिना बहमन. म्हणजे डिसेंबर १९४८ च्या आसपास. सुंदरलाल समिती संस्थानात फिरत होती तो हाच सुमार. पान उलटलं आणि दादीचं नाव दिसलं. उम्र बावीस. कारण, बुखार. कौम, पिंजारी. आणि नावापुढे दादांचं पूर्ण नाव लिहून एक शब्द, 'बेवा'.

मी तो शब्द बराच वेळ बघत राहिलो. ज्या वहीत दादा कधी मेलेच नव्हते, त्याच वहीनं तीन महिन्यांत त्यांच्या बायकोला विधवा म्हटलं होतं. गावाला ठाऊक होतं, लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. फक्त दादांची स्वतःची ओळ लिहिली गेली नाही.

शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचं नाव असतं. तिथं गावातल्या एका कुंभाराचं नाव होतं. घरात कर्ता पुरुष उरला नव्हता, तेव्हा हा शेजारी उठून पोलीस पाटलाकडे गेला आणि पिंजाऱ्याच्या बेवेचा मृत्यू लिहवून आला. त्या दिवसांत मुसलमानाच्या घरासाठी पाऊल उचलणं सोपं नव्हतं. शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचा उल्लेख सुंदरलाल समितीनंही केला आहे. आमच्या घरी मात्र या माणसाचं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं.

नक्कल मिळाली. भाषांतर मी करू शकत नव्हतो, स्वतःच्याच घरचं प्रकरण. दुसऱ्याकडून करून घेतलं. पडताळणी समितीनं ती नोंद ग्राह्य धरली आणि मुलीचा प्रवेश झाला.

वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा शोधात असेल तर दोन गोष्टी सांगतो. एका नावावर थांबू नका. पुरुषाची नोंद नसेल तर त्याच्या बायकोची, बहिणीची, लहानपणी गेलेल्या लेकराची मागा. आणि नक्कल पूर्ण ओळीची मागा, सगळ्या रकान्यांसह. आजच्या मृत्यू दाखल्यात खबर देणाऱ्याचं नाव येत नाही, जुन्या वहीत ते असतं.

'नोंद आढळून येत नाही' हा कागदही मी फेकला नाही. दोन्ही एकाच फाइलमध्ये आहेत. गेल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा कुंभारवाड्यात त्या नावाची चौकशी केली. नातू निघाला, माझ्याच वयाचा. त्याला नकलेवर बोट ठेवून त्याच्या आजोबांचं नाव वाचून दाखवलं. त्याला उर्दू येत नाही. तो म्हणाला, 'सर, याची एक झेरॉक्स मलाही द्या.'