दम आणि घड्याळ : हुतुतूपासून कबड्डीपर्यंत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही थोडे गोंधळलो. आमचे शाळेचे शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे काय ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उसवून आणि वर्तमानपत्रे वाचून झाले. राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे पंडित या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. आम्ही ज्या इतिहासात स्वतः खरचटून घेतले तोच सांगू. तो एका खेळाचा इतिहास आहे. आपण लहानपणी त्याला हुतुतू म्हणत होतो. आज आपली नातवंडे त्याला कबड्डी म्हणतात आणि टेलिव्हिजनवर पाहतात.

दोन्ही खेळ एकच, असे पुष्कळ लोक समजतात. वरवर पाहता ते खरेही आहे. मध्ये रेघ, दोन्हीकडे गडी, एकाने पलीकडे जावे, शिवावे आणि परत यावे. परंतु दोहोंत एक मोठा फरक आहे. जुन्या खेळात गड्याने पलीकडे किती वेळ राहावे हे त्याचा दम ठरवीत असे. नव्या खेळात ते घड्याळ ठरवते. या एका बदलात काय मिळाले आणि काय गेले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या आसपास, शाळेच्या मैदानावर कबड्डी हे नाव आले होते. परंतु गावाबाहेर पोरे हुतुतूच खेळत. सुगी आटोपली की मऊ जागा पाहायची, खडे वेचायचे, राखेने रेघ ओढायची. गडी किती, याचा हिशेब जमलेल्या पोरांवर. चढाईला जाणारा मध्यरेषेच्या अलीकडेच दम भरी आणि ‘हुतुतूतूतू’ असा आवाज काढीत पलीकडे घुसे. आवाज एका श्वासात, अखंड आणि स्पष्ट हवा. पलीकडे दम सुटला तर गडी बाद. धरून ठेवले आणि दम संपला, तरी बाद. म्हणून पकडणारे केवळ पाय धरीत नसत, ते त्याच्या श्वासाची वाट पाहत. आणि हुशार गडी पलीकडे जितके जाई तितके परतण्यापुरते शिल्लक ठेवी. आपल्या छातीत किती आहे हे दुसऱ्या कोणाला कळत नसे.

हा खेळ देशभर निरनिराळ्या नावांनी होता. तामिळनाडूत चेडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु, आपल्याकडे हुतुतू. शब्द वेगळे, पण सगळीकडे मुद्दा एकच : श्वास न तोडता शब्द चालू ठेवणे. आपल्याकडेच त्याचे तीन प्रकार होते. ‘संजीवनी’त आपल्या गड्याने समोरचा मारला की आपला बाद झालेला गडी जिवंत होई. ‘गामिनी’त एकदा गेला तो गेला, सगळा संघ बाद होईपर्यंत त्याने बाहेर बसावे. ‘अमर’मध्ये कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. पुढे नियम एकत्र करताना संजीवनीचीच पद्धत मुख्य ठरली, आणि आजही तीच चालते. तिच्यात आणखी एक बारीक नियम आहे : जो आधी बाद झाला, तो आधी जिवंत होतो. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा नियम फार जवळचा वाटतो. कमी केलेल्या कामगारांना परत घेताना ज्येष्ठता पाहा, हे सांगण्यासाठी आम्ही साहेबांच्या दारात कितीदा उभे राहिलो! आणि पोरे ते मातीत आपसूक पाळीत होती. बाहेर बसलेल्याला परत आणायचे तर आतल्या सोबत्याने जीव काढून लढावे, याहून संघटनेचा दुसरा अर्थ काय असतो?

या खेळातील मुख्य क्रियापद आहे शिवणे. ज्या गावांत शिवाशिवीवरून माणसे वेगळ्या वस्तीत राहिली, वेगळ्या पाणवठ्यावर गेली, तेथे पोरांच्या खेळात मात्र शिवल्यावाचून गुण नव्हता. सगळ्या जातींची पोरे एकत्र खेळत असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. परंतु जेथे खेळली, तेथे धुळीत एकमेकांच्या अंगावर पडली. असे दुसरे ठिकाण गावात फारसे नव्हते.

तथापि जुने ते सगळे सोने, असे समजण्याचे कारण नाही. दम सुटला की नाही हे ठरवणार कोण? पंचाचा कान. आणि पंच कोण? गावातला कोणी मोठा माणूस. आमच्या गावी एकदा एका मोठ्या घरच्या मुलाचा दम आमच्या बाजूला सरळ तुटला. सगळ्यांनी ऐकले. पंच म्हणाले, ‘दम होता.’ सगळे गप्प बसले. एक पोरगा बोलला. दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या बापाला शेतावर कामाला बोलावणे आले नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तो पोरगा आम्हीच. वडील आम्हांस रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘बाबा, जिथं लिहिलेलं काही नसतं, तिथं मोठ्याचंच खरं असतं.’ पुढे कायद्याचे पुस्तक हातात आले तेव्हा हे वाक्य आम्हांस पुनःपुन्हा आठवले.

म्हणून ज्यांनी या खेळाचे नियम लिहून काढले, त्यांचे उपकार आम्ही मानतो. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापले आणि सामने भरवले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. त्याने कबड्डी हे नाव घेतले आणि आपले हुतुतू हळूहळू मागे पडले. मुंबईच्या लालबाग-परळमध्ये गिरणगावच्या मंडळांनी आणि व्यायामशाळांनी हा खेळ जिवापाड जपला. शंकरराव साळवी, ज्यांना सगळे ‘बुवा’ म्हणत, त्यांनी तो देशभर नेण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै महाराष्ट्रात कबड्डीदिन म्हणून पाळला जातो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि पहिले सुवर्णपदक भारताने आणले.

आता आजचा खेळ पाहा. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मैदानात ७ गडी. २० मिनिटांचे दोन डाव. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा. सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन जादा गुण. मातीऐवजी मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले. आणि एका चढाईला ३० सेकंद. तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणे आजही नियमात आहे. परंतु दिव्यांच्या झगमगाटात, कर्ण्यांच्या गोंगाटात प्रेक्षकाला ते ऐकू येत नाही. तो गड्याच्या तोंडाकडे पाहत नाही, फळ्यावरचे सेकंद पाहतो. २०१४ साली जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिने आणखी एक नियम रुजवला : लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर गडी बाद. जुन्या खेळात एखादा गडी नुसता अंदाज घेऊन, समोरच्यांना दमवून परत येई. ते आता फार वेळ चालत नाही.

घड्याळाविषयी आमचे मन सरळ नाही, हे कबूल केले पाहिजे. कारण कामगाराचे आणि घड्याळाचे नाते दुहेरी आहे. मुंबईच्या गिरण्यांत प्रथम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. विजेचे दिवे आले तेव्हा सूर्यास्ताचीही मर्यादा उरली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना दिवसाचे १२ तास, १९२२ च्या कायद्याने ११, १९३४ च्या कायद्याने १०, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरले. म्हणजे घड्याळ आपल्या बाजूला ओढण्यासाठी कामगारांच्या तीन पिढ्या झगडल्या. घड्याळ नव्हते तेव्हा मालकाचा शब्द हीच वेळ होती, जसा हुतुतूत पंचाचा कान.

परंतु तेच घड्याळ मालकाच्याही हाती असते. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्याच्या कारणांत एक असे होते की, दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत असा मालकांचा आग्रह होता. तास तेवढेच, पण त्यांत काम अधिक भरायचे. तिसऱ्या चढाईचा नियम पाहिला की आम्हांस तो तिसरा माग आठवतो. रिकामी चढाई चालणार नाही, रिकामा हात चालणार नाही. प्रेक्षकाला यात मजा येते, हे खरे. पण गुडघा फुटतो तो गड्याचा.

आणि पैसा? गड्यांना पैसा मिळू लागला याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. पूर्वी चांगल्या गड्याला रेल्वेत, पोलिसांत, बँकेत नोकरी मिळाली की घरात दिवाळी होई. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ साली ती दीड कोटीच्या वर गेली. मातीत वाढलेल्या पोरांना हे मिळाले, चांगलेच झाले. फक्त तो ‘लिलाव’ हा शब्द आमच्या कानांना बोचतो. आपल्या बाजारात बोली लागते ती कापसावर आणि बैलांवर. माणसावर लागली, तर त्याने निदान एवढे विचारावे : हंगाम संपल्यावर, पाय मोडल्यावर, बोली न लागलेल्या वर्षी माझे काय? संजीवनीचा नियम मैदानात आहे. मैदानाबाहेर तो लिहून घ्यावा लागेल.

नव्या खेळाची आणखी एक बाजू न्यायाची आहे. लिहिलेला नियम आणि मोजलेला वेळ कोणाच्याही मालकीचा राहत नाही. तो परक्यालाही शिकता येतो. २०१८ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत इराणने पुरुषांचे आणि स्त्रियांचे, दोन्ही सुवर्ण नेले. पुरुषांत आपण उपांत्य सामन्यात हरलो, स्त्रियांत अंतिम सामन्यात. अनेकांना वाईट वाटले. आम्हांस वाटले, खेळ आता खरोखर जगाचा झाला. २०२३ साली हांगचौ येथे भारताने दोन्ही सुवर्ण परत आणली. पुरुषांच्या त्या अंतिम सामन्यात एका चढाईच्या नियमावरून वाद झाला आणि खेळ बराच वेळ थांबला. पण वाद नियमाच्या अर्थावर झाला, कोणाच्या घराण्यावर नाही. वडिलांना हे पाहायला मिळायला हवे होते.

तेव्हा निवाडा काय? जुना खेळ परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. पंचाच्या कानावर सोडलेला न्याय आम्ही भोगला आहे. घड्याळ राहू द्या. परंतु घड्याळाने दमाची जागा घेऊ नये. माणसाची मर्यादा शेवटी त्याच्या छातीत असते, फळ्यावर नाही. आणि नियम लिहिणाऱ्यांच्या बैठकीत खेळणाऱ्यांपैकी कोणी बसलेला असावा. गिरणीत असो वा मैदानात, आमची मागणी जन्मभर एवढीच राहिली आहे.

जाता जाता एक सूचना. येत्या १५ जुलैला आपल्या उमरीत पोरांचे सामने होतील तेव्हा होतील. त्यांत एक सामना घड्याळावाचून ठेवावा. राखेची रेघ, जमतील तेवढे गडी, आणि एका श्वासात हुतुतू. पंच मात्र दोन्ही बाजूंनी मिळून निवडावेत आणि नियम आधी फळ्यावर लिहावेत. आमच्या वयाचे जे आहेत त्यांनी कडेला बसून कान द्यावेत. कोणाचा दम तुटला तर तो कोणाचाही मुलगा असो, आपण सगळ्यांनी मिळून मोठ्याने सांगू.