सगळ्यात वाईट माइक

हेडफोन लावून 'फिलोसोफेम' पहिल्यांदा ऐकाल, तर आधी फोनच बिघडलाय की काय असं वाटेल. गिटार पत्र्यावरच्या पावसासारखी खरखरते. गाणाऱ्याचा आवाज जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा. त्यावर कीबोर्डची अगदी साधी धून फिरत राहते. घाई कुठेच नाही. एक तुकडा तर तब्बल २५ मिनिटांचा आहे.

हा बिघाड मुद्दाम केलेला आहे. मार्च १९९३मध्ये नॉर्वेच्या वार्ग विकर्नेसने 'बर्झम' या आपल्या एकट्याच्या बँडसाठी हा अल्बम रेकॉर्ड केला. त्यानेच नंतर सांगितलं, की स्टुडिओतला सगळ्यात वाईट माइक त्याने मागितला आणि हाती आला तो हेडसेट. गिटारसुद्धा त्याने भावाच्या घरगुती स्टिरिओला जोडली. चकचकीत रेकॉर्डिंग नॉर्वेतल्या या पोरांना नकोच होतं. पण ब्लॅक मेटल म्हटलं की सुसाट वेग, आणि इथे वेग उतरवलेला. तेच ते सूर इतका वेळ वाजतात, की गाणं मागे पडून जागा दिसू लागते: धुकं, झाडं, बर्फ. मुखपृष्ठावरचं चित्रही थेओडोर किट्टेलसेन (१८५७–१९१४) या नॉर्वेजियन चित्रकाराचं, डोंगरांच्या देशातलं.

पण रेकॉर्डिंगनंतर पाच महिन्यांनी, १० ऑगस्ट १९९३ला, विकर्नेसने 'मेहेम' बँडचा गिटारवादक ओइस्टाइन ऑर्सेथ याला ऑस्लोत भोसकून मारलं. हा खून आणि चर्च जाळल्याचे गुन्हे यांसाठी १९९४मध्ये त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. १९९६मध्ये अल्बम बाजारात आला तेव्हा तो तुरुंगात होता. सुटल्यावरही त्याने वंशद्वेष सोडला नाही. २०१४मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने तो भडकवल्याबद्दल त्याला दोषी ठरवलं.

मग ऐकायचं की नाही? 'कला वेगळी, कलाकार वेगळा' म्हणून सुटता येतं, पण मला ते पटत नाही. या संगीतातल्या जंगलात माणूसच नाही. जुन्या, 'शुद्ध' भूतकाळाची जी ओढ कानाला गोड लागते, तीच त्याच्या द्वेषालाही खतपाणी घालते.

तरीही ती ओढ एकट्या त्याच्या मालकीची राहिली नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या 'वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम' या बँडने २००७च्या 'टू हंटर्स'मध्ये असाच लांबलचक, धुकट आवाज वापरला, पण तो आपल्या भागातल्या अरण्यांच्या आस्थेपोटी. आवाज तोच ठेवून त्याचा अर्थ बदलता येतो, हे त्यातून कळतं.

म्हणून मी 'फिलोसोफेम' अजूनही कधीतरी ऐकतो. झोपताना मात्र नाही. तो थंडावा कुठून आलाय, हे जागेपणीच लक्षात ठेवावं लागतं.