‘मिल्क थिसल’ : यकृताचा काटेरी सोबती

काविळीतून उठलेला रुग्ण असो वा सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघालेला नोकरदार, यकृतासाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘सिलिमारिन’ हे नाव आढळते. ‘मिल्क थिसल’ या काटेरी वनस्पतीच्या बियांपासून हे द्रव्य मिळते. यकृताच्या विकारांवर तिचा वापर सुमारे दोन हजार वर्षांपासून होत आला आहे. मात्र तिच्याकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी, हे रुग्णांनी समजून घेणे आवश्यक आहे.

ओळख

‘सिलिबम मॅरिएनम’ हे या वनस्पतीचे शास्त्रीय नाव असून ती सूर्यफुलाच्या कुळातील आहे. तिचे मूळ स्थान भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश होय. माणसाच्या उंचीपर्यंत वाढणाऱ्या या झाडाला जांभळी, काटेरी बोंडाची फुले येतात. तुकतुकीत हिरव्या पानांवर दुधाचे ओघळ यावेत तशा पांढऱ्या शिरा असतात. मेरी मातेच्या दुधाचे थेंब पानांवर सांडले, अशी ख्रिस्ती लोककथा असून वनस्पतीच्या दोन्ही नावांत तिचा संदर्भ आहे. युरोपात औषधासाठी तिची लागवड होते, तर ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत ती उपद्रवी तण मानली जाते. तिच्या पाल्यात नायट्रेट साठत असल्याने तो खाऊन जनावरांना विषबाधा होते.

परंपरेकडून प्रयोगशाळेकडे

पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने या वनस्पतीचा रस मधातून दिल्यास पित्त दूर होते, असे नमूद केले आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील वनौषधीतज्ज्ञ निकोलस कल्पेपर यानेही यकृत व प्लीहेच्या विकारांवर तिची शिफारस केली. १९६८ मध्ये जर्मनीतील म्युनिक येथील संशोधकांनी बियांतील क्रियाशील द्रव्यांचे मिश्रण वेगळे केले. तेच सिलिमारिन. बियांत त्याचे प्रमाण साधारण दीड ते तीन टक्के असते आणि ‘सिलिबिन’ हा त्यातील प्रमुख घटक होय. सिलिमारिन पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे बियांचा काढा वा चहा घेऊन त्याचा अंश अल्पच मिळतो.

विषारी अळंबीवर उतारा

या वनस्पतीचा सर्वांत लक्षणीय उपयोग ‘डेथ कॅप’ या अळंबीच्या विषबाधेत होतो. ही अळंबी खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. मग रुग्णाला बरे वाटू लागते. पण त्याच वेळी विष यकृताच्या पेशी नष्ट करीत असते. सिलिबिन हे विष पेशींत शिरण्याचा मार्ग अडवते. म्हणूनच युरोपातील रुग्णालयांत ते शिरेतून दिले जाते. अशा रुग्णांवर तुलनात्मक चाचण्या करणे कठीण असल्याने या उपचाराचा आधार मुख्यत्वे रुग्णांच्या नोंदींचा आहे. दुकानात मिळणाऱ्या गोळ्या मात्र या इंजेक्शनला पर्याय नव्हेत.

चाचण्या काय सांगतात?

दीर्घकालीन यकृतविकारांबाबतचे चित्र संमिश्र आहे. व्हिएन्ना येथे सिरॉसिसच्या १७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. सिलिमारिन घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के रुग्ण चार वर्षांनी हयात होते, तर निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मात्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मद्यपानजन्य सिरॉसिसच्या २०० रुग्णांवरील स्पेनमधील चाचणीत असा फरक दिसला नाही. ‘हिपॅटायटिस-सी’च्या १५४ रुग्णांना अमेरिकेत २४ आठवडे एरवीपेक्षा मोठ्या मात्रा दिल्या गेल्या, तरीही निष्क्रिय गोळ्यांपेक्षा अधिक लाभ आढळला नाही, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे हे औषध हमखास गुणकारी म्हणता येत नाही.

सावधगिरी

सिलिमारिन बहुतेकांना सोसते. काहींना मळमळ किंवा पातळ शौचाचा त्रास होतो. शेवंती, झेंडू यांसारख्या फुलांची अॅलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. रक्तातील साखर कमी होण्याची शक्यता असल्याने मधुमेहींनी, तसेच गर्भवती व स्तनदा मातांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरा धोका चुकीच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे पडीक जमिनीवर सर्रास उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्याची पानेही काटेरी आणि पांढऱ्या शिरांची असतात. त्याचे फूल पिवळे असते व देठ मोडल्यास पिवळा चीक येतो. त्याच्या बिया विषारी आहेत. १९९८ मध्ये दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने साठहून अधिक बळी घेतले. त्यामुळे रानातून बिया गोळा करून औषध करण्याचा मोह टाळावा.

यकृताचे अनेक विकार आज वेळीच उपचार केल्यास आटोक्यात येतात. ‘हिपॅटायटिस-बी’ला प्रतिबंधक लस आहे. ‘हिपॅटायटिस-सी’ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत त्यावर मोफत उपचारांची सोय करण्यात आली. फॅटी लिव्हरवर वजन घटवणे आणि मद्यपानजन्य विकारावर मद्य सोडणे हाच पहिला उपाय. या उपायांना जोड म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिमारिन घेण्यास हरकत नाही. परंतु त्याच्या भरवशावर तपासणी लांबणीवर टाकल्यास गेलेला वेळ परत मिळत नाही.