बालकाच्या खुब्याचें निदान

मूल लंगडूं लागलें कीं पूर्वीं संशय बहुधा क्षयावर जाई. १८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधले आणि सांध्यांतील हाड शस्त्र न लावतां दिसूं लागलें. १९१० मध्यें अमेरिकेंत लेग, फ्रान्समध्यें काल्वे व जर्मनींत पेर्थेस यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, कांहीं मुलांचा विकार क्षयाहून निराळा आहे. त्यांत रक्तपुरवठा खंडित होऊन मांडीच्या हाडाचा गोल माथा चेपतो.

तान्ह्या बाळापुढें मात्र क्ष-किरण अपुरे पडत. कारण त्या वयांत हा माथा कूर्चेचा असतो व चित्रांत उमटत नाहीं. ही उणीव १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियाचे डॉक्टर राइनहार्ड ग्राफ यांनीं ध्वनिलहरींच्या चित्रणानें भरून काढली.

भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरांत गळिताच्या हंगामीं ऊसतोडणी कामगारांचीं कुटुंबें येतात. त्यांचीं मुलें आईच्या कडेवर पाय फांकून बसतात. ही बैठक खुब्यास हितकरच होय. परंतु कडेवरच्या मुलाचें लंगडणें दिसत नाहीं. निखळलेला खुबा पहिल्या कांहीं महिन्यांत ओळखला, तर तो बहुधा नुसत्या पट्ट्यांनीं जागीं बसतो. मूल चालूं लागेपर्यंत थांबल्यास बहुधा शस्त्रक्रियेची पाळी येते. मुक्काम हलतांना राहून गेलेली एक तपासणी जन्माचें लंगडेपण ठरूं शकते.