जपानांतील लष्करी अंमल आणि चित्रपट

रत्नागिरी जिल्हा ही मराठा पलटणींच्या भरतीची जुनी भूमि होय. सन १९४६ मध्यें ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेबरोबर २६८ वी हिंदी ब्रिगेड पराभूत जपानांत उतरली. तींत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती; ब्रिगेडचे सेनानी श्रीनागेश यांचा जन्म कोल्हापूरचा. हिंदी फौज १९४७ सालीं परतली. तेव्हां त्या अंमलाचा इतिहास कांहीं अंशीं आमच्या कोंकणचाहि आहे.

या अंमलांत चित्रपट काढण्याचें काम जपानी कंपन्यांकडेच राहिलें. हुकूम मात्र जेत्यांचा चाले. १९४५ च्या नोव्हेंबरांत मॅकआर्थर यांच्या कचेरीनें २३६ जुने चित्रपट सरंजामी व युद्धखोर ठरवून बंद केले आणि तेरा विषय निषिद्ध ठरविले. शिक्षण व माहिती खातें संहिता आधीं तपाशी. तयार झालेला चित्रपट सेन्सॉर खातें पाही. १९४६ पासून हॉलिवूडच्या कंपन्यांचे चित्रपट एकाच मध्यवर्ती संस्थेमार्फत येऊं लागले. सरकारास प्रचार साधला, व्यापाऱ्यांस बाजार मिळाला.

या सहकार्याची मर्यादा फुमिओ कामेई यांच्या ‘जपानची शोकांतिका’ या चित्रपटावरून कळते. सम्राटाच्या युद्धविषयक जबाबदारीचा प्रश्न त्यांत काढला होता. दोन्ही खात्यांची मंजुरी असतां पंतप्रधान योशिदा यांस तो रुचला नाहीं, आणि ऑगस्ट १९४६ मध्यें तो बंद झाला.

आपल्याकडेहि युद्धकाळीं सरकारनें हाच मार्ग धरला होता. १९४० सालीं स्थापन झालेल्या फिल्म ॲडव्हायझरी बोर्डांत व्ही. शांताराम यांनीं कांहीं काळ काम पाहिलें. १९४३ मध्यें सरकारमान्य माहितीपट दाखविणें चित्रगृहांस सक्तीचें झालें.

संग्राहकांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तरी महसुलास उपयोगी म्हणून इंग्रजांनीं पेशवे दफ्तर राखलें, आणि त्याच दफ्तरावर पुढें आमच्या संशोधनाची इमारत उभी राहिली. जपानांत निषिद्ध चित्रपटांच्या बहुतेक प्रती जाळण्यांत आल्या. थोड्या तेवढ्या अभ्यासार्थ ठेविल्या. जेता आपल्या गरजेपुरतें राखतो. बाकीचें राखणें इतरांचें काम. म्हणून रत्नागिरीकडील घरांत जपानहून परतलेल्या शिपायांचीं पत्रें, छायाचित्रें वा छावणींतील खेळांच्या जाहिराती आढळल्यास त्या ऐतिहासिक कागद समजून जपाव्या, अशी आमची विनंति आहे.