कॉड माशावरील बंदीचा इतिहास

कॉडलिव्हर ऑइलची बाटली एके काळी आपल्याकडील पुष्कळ घरांत असे. ज्या माशाच्या यकृताचे ते तेल, त्या कॉडची हकीकत मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे समुद्रानेच पोसली. म्हणून ही हकीकत स्मरणिकेच्या वाचकांपुढे थोडक्यात मांडावी, असे आम्हांस वाटले.

इ. स. १४९७ मध्ये जॉन कॅबट हा दर्यावर्दी इंग्लंडहून निघून उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास पोहोचला. तेथे दगड बांधून टोपली पाण्यात सोडली तरी ती कॉडने भरून वर येते, अशी वार्ता युरोपात पसरली. पुढे शतकानुशतके न्यूफाउंडलंड बेटावरील मच्छीमार होड्यांतून गळ टाकून व जाळी लावून कॉड धरीत, खारवून सुकवीत आणि त्यावर गुजराण करीत. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सले यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञाने कॉडचा साठा बहुधा अक्षय आहे, असे मत दिले. तत्कालीन साधने पाहता त्यांना दोष देणे उचित नव्हे.

पुढे साधने पालटली. १९५४ साली ‘फेअरट्राय’ हे प्रचंड ब्रिटिश जहाज समुद्रात उतरले. मासे धरणे, कापणे व गोठविणे ही सर्व कामे त्यावरच होत. पाठोपाठ इतर राष्ट्रांची तशीच जहाजे आली. १९६८ साली या भागात सुमारे ८ लक्ष टन कॉड धरला गेला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत हा आकडा २ लक्ष टनांच्याही खाली घसरला.

तेव्हा कायद्याची आठवण झाली. १९७३ पासून आंतरराष्ट्रीय आयोगाने वार्षिक मर्यादा ठरविल्या. १९७७ साली कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत आपला अधिकार स्थापिला व परकी जहाजांना आवर घातला. परंतु त्यांची जागा स्वदेशी ट्रॉलरांनी घेतली. मासा कमी झाला तरी उरलेला थव्याने एकत्र राहतो आणि ट्रॉलरला तो थवा सापडतो. त्यामुळे ट्रॉलरच्या आकड्यांवरून केलेला साठ्याचा अंदाज फुगलेला राही. किनाऱ्यावरील लहान होडीवाले मात्र सांगत होते की, मासा विरळ झाला आहे व आकारानेही लहान मिळतो. त्यांचे म्हणणे वेळीच कोणी मनावर घेतले नाही. १९८९ साठी शास्त्रज्ञांनी १,२५,००० टनांची मर्यादा सुचविली असता, कारखाने बंद पडतील या भीतीने सरकारने ती २,३५,००० टन ठेविली.

परिणाम व्हायचा तोच झाला. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यव्यवसायमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी सेंट जॉन्स येथे या धंद्यावर बंदी जाहीर केली. सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार एका दिवसात बुडाला. सरकारने निर्वाहवेतन दिले. तथापि कित्येक घरांतील तरुण गाव सोडून गेले. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ही बंदी, किनाऱ्यालगतच्या अल्प सवलती वगळता, २०२४ पर्यंत टिकली. त्या वर्षी १८,००० टनांची मर्यादा घालून धंदा पुन्हा खुला केला गेला, तेव्हाही ही घाई होते आहे असे म्हणणारे पुष्कळ होते.

आपल्याकडे नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात लोटू नये, हा दंडक वाडवडिलांनी कायद्याच्या कितीतरी आधी पाळला. आता पावसाळी बंदी कायद्यानेही घातलेली आहे. जाळ्याचे आस लहान करून कोवळी मासळी ओढण्याचा मोह ज्यांना होत असेल, त्यांनी न्यूफाउंडलंडच्या ओस पडलेल्या धक्क्यांचे स्मरण ठेवावे. आणि अधिकारपदावर असलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांस आमची विनंती अशी की, मर्यादा ठरविताना लहान होडीवाल्यासही बोलावून विचारावे. मासा कमी होऊ लागल्याचे त्याला सर्वांच्या आधी कळते.