अर्ध्या इंचाच्या फितीवरील वसई

विवाहाच्या नोंदवहीत वधूवरांची व त्यांच्या आईवडिलांची नावे, साक्षीदारांच्या सह्या आणि तारीख एवढे सापडते. उंबराचे पाणी आणताना कोणत्या आजीने गीत धरले, मागे विहिरीवर रहाट फिरत होता की पंप लागला होता, याची नोंद तिच्यात नसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही उणीव एका काळ्या डबीने बरीचशी भरून काढली. तिला आपण व्हिडिओ कॅसेट म्हणत असू.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. आपल्या देशात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआरही पसरला. आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी तो घरी आणला, आणि भावाबहिणीच्या लग्नाची कॅसेट उलट वाटेने त्यांच्याकडे जाऊ लागली. मांडवातला तो प्रखर दिवा, तो धरून उभा असलेला पोरगा आणि घामाघूम झालेला नवरदेव वाचकांना आठवत असतीलच.

गेल्या पावसाळ्यानंतर चिंचोटीतील एका कुटुंबाने अशीच एक कॅसेट माझ्यापुढे ठेवली. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी चार महिने भिंती ओल धरतात; फितीच्या कडेला पांढरी बुरशी चढली होती. मी उतावळेपणाने ती तशीच यंत्रात घातली. फीत अडकली आणि वीतभर चुरगळली. ती चूक सर्वस्वी माझी.

जाणकाराने मग मला समजावून दिले. प्लास्टिकच्या अर्ध्या इंच रुंद फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण एका चिकट द्रव्याने बसवलेले असतात. दमट हवेने ते द्रव्य सैल होते. यंत्रातील दंडगोल सेकंदाला पंचवीस फेरे घेतो. बुरशी त्याला चिकटली की चांगली फीतही खरवडली जाते. म्हणून कॅसेट आधी कोरडी करायची, उघडून हलक्या हाताने पुसायची, मगच चालवायची. तीन तासांची कॅसेट संगणकात उतरवायला तीन तासच लागतात. घाईला तेथे जागा नाही.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. घरच्यांचे म्हणणे असे की, मिस्सा आणि स्वागतसमारंभ तेवढा डिस्कवर ठेवावा, बायकांचे गाणे कापावे आणि वर चित्रपटगीत घालावे. त्या काळी संकलन करणारे हेच करीत. म्हणून आज पुष्कळ लग्नांत ओठ हलताना दिसतात, पण आवाज मात्र पार्श्वगायकांचा येतो. ही कॅसेट सुदैवाने मूळची, संकलनापूर्वीची होती.

आपल्या साहित्याला हा प्रश्न नवा नाही. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही. त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो कोणा अनामिकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. नकलाकारांनी अवघड ओव्या गाळल्या असत्या, तर आपल्या हाती काय उरले असते? उलट फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच पुण्याच्या संग्रहालयात उरला आहे.

डिस्क म्हणजे मात्र अमरपट्टा नव्हे. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरावर असते. ऊन आणि उष्णता तिला मारक. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई २०१६ साली थांबली, त्यामुळे चालते यंत्र मिळणेही दिवसेंदिवस कठीण. म्हणून आम्ही न कापलेली नक्कल संगणकाच्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली, पाहण्यासाठी एक डीव्हीडी केली आणि कॅसेटही परत कपाटात गेली, या खेपेस कोरड्या डब्यात.

चुरगळलेल्या वीतभरात चित्र क्षणभर फाटते. त्यानंतर आजी सामवेदी बोलीत गीत धरतात आणि दुसऱ्या कडव्याला कोणीतरी चुकते, तशा त्या थांबून त्याला दटावतात. आजी आता नाहीत. कुटुंबाने तो भाग पाहिला आणि कापण्याचा विषय पुन्हा काढला नाही.